कुरणातले तण मारताना गवत कसे राखाल? श्रावण-भाद्रपदासाठी सल्ला

गायरानातले किंवा पडीक कुरणातले तण मारायचे म्हणून दुकानात ‘गवताचं औषध द्या’ म्हटले, की हाती बहुतेक वेळा ग्लायफोसेट पडते, नाहीतर कपाशी-सोयाबीनमध्ये चालणारे क्विझालोफॉप. कुरणासाठी दोन्ही चुकीची. ग्लायफोसेट हिरवे दिसेल ते सगळे जाळते. क्विझालोफॉप नेमके गवत मारते आणि रुंद पानाचे तण तसेच उभे ठेवते. आपल्याला पाहिजे ते उलट: पवना, मारवेल, अंजन, डोंगरी गवत जगले पाहिजे आणि गाजरगवत, तरोटा, रानतुळस गेली पाहिजे. शेतात जिच्यामागे आपण कुदळ घेऊन लागतो ती हरळीसुद्धा इथे चाराच आहे.

ग्लायफोसेटबाबत आणखी एक. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकामार्फतच वापरता येते, शेतकऱ्याने स्वतः फवारायचे नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कुरणात ते सरसकट मारणे हा तोट्याचा व्यवहार आहे. गवत मेले की जमीन उघडी पडते, आणि उघड्या जमिनीवर पहिला येतो तो गाजरगवताचा पुढचा थर. एका झाडाला हजारोंनी बी धरते, ते वाऱ्याने, पाण्याने आणि शेणखतातूनही पसरते, आणि ओल मिळाली की बी रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येते.

औषध ठरवण्याआधी कुरण पायी फिरून घ्या. तीन गोष्टी बघायच्या: तण कोणते आणि किती वाढलेले, त्याखाली गवताचे ठोंब शिल्लक आहेत का, आणि वाऱ्याच्या दिशेला कोणाचे काय पीक उभे आहे. ठोंब चांगले असतील आणि तण ठिकठिकाणी पुंजक्यांनी असेल तर सगळे क्षेत्र फवारायची गरज नाही, पुंजक्यांवरच पंप चालवा. गवत जवळजवळ संपलेच असेल तर तणनाशकाने कुरण तयार होत नाही. तिथे आधी बियाण्याचा विचार करा.

२,४-डी: कोणते आणि किती

गवत राखून रुंद पानाचे तण मारायला आपल्याकडे सहज मिळणारे औषध म्हणजे २,४-डी. ते तीन रूपांत येते. अमाइन सॉल्ट ५८ टक्के हे पातळ, सोडियम सॉल्ट ८० टक्के ही भुकटी, आणि इथाइल इस्टर ३८ टक्के. इस्टर पानात लवकर शिरते, पण उन्हात त्याची वाफ होऊन ती दूरवर जाते. आसपास कपाशी, द्राक्ष, टोमॅटो, भेंडी, पपई किंवा कोणतेही कडधान्य असेल तर इस्टर आणूच नका. अमाइन किंवा सोडियम सॉल्ट घ्या.

प्रमाण हेक्टरी एक किलो सक्रिय घटक (डब्यातले खरे औषध) धरा. म्हणजे अमाइन ५८ टक्के एकरी साधारण ७०० मिली, किंवा सोडियम सॉल्ट ८० टक्के एकरी ५०० ग्रॅम. एकरी २०० लिटर पाणी धरले तर १५ लिटरच्या पंपाला अमाइन ५० ते ५५ मिली, सोडियम सॉल्ट ३८ ग्रॅमच्या आसपास. पण आपल्या चालीने एकरी खरोखर २०० लिटरच पाणी पडते का, हे आधी मोजा. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे एक गुंठा आखा. पंपात मोजून नुसते पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने तेवढाच गुंठा मारा. किती लिटर लागले त्याला ४० ने गुणा. पाच लिटर लागले तर हिशेब जुळला. तीनच लागले तर एकरी १२० लिटर, म्हणजे आठ पंप. मग पंपाला ८५ ते ९० मिली घालावे लागेल. ‘पंपाला एक टोपण’ या मापाने कुठे तण मरत नाही, कुठे गवत पिवळे पडते, आणि मग औषधच बनावट होते असा निष्कर्ष निघतो.

नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट वापरा. कीटकनाशकाचे गोल फवारा देणारे नोझल बारीक धुके करते आणि ते वाऱ्यावर जाते. पंपाचा दाब कमी ठेवा, नोझल तणाच्या टोकापासून हातभर वर धरा. गाजरगवताच्या पानावर लव असते, थेंब घसरतो. चिकटद्रव्य लिटरला अर्धा ते एक मिली घाला. सोडियम सॉल्ट आधी बादलीत थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळून पंपात घाला, नाहीतर नोझल तुंबते. खारट, जड बोअरच्या पाण्यात अमाइन सॉल्ट कधी कधी फाटून तळाशी साका बसतो; अशा ठिकाणी साठवलेले पावसाचे पाणी घ्या.

वेळ औषधाइतकीच महत्त्वाची. तण चार ते सहा पानांवर असताना, किंवा गाजरगवत अजून जमिनीसरपट, फुलाचा दांडा न काढलेले असताना फवारा चालतो. फूल आल्यावर मारले तर झाड वाकडे होते, शेंडा पिळवटतो, आपल्याला वाटते काम झाले, आणि खालच्या फुलांतले बी निवांत पक्व होते. अशी झाडे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, जमीन ओली असताना मुळासकट उपटा आणि खोल खड्ड्यात पुरा. उघड्या हाताने उपटल्यावर अंगाला येणारी खाज आणि पुरळ साधी नसते, काहींना ती वर्षानुवर्षे छळते. पाऊस उघडल्याशिवाय फवारू नका. अमाइन आणि सोडियम सॉल्टला किमान सहा ते आठ तास कोरडे लागतात. पावसाचा ताण पडून तण कोमेजलेले असेल तरीही थांबा, कारण कोमेजलेले पान औषध मुळापर्यंत नेत नाही.

शेजारी द्राक्षबाग किंवा कपाशी अगदी लागून असेल तर २,४-डीचा नाद सोडा. नाशिक-सांगलीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर फुटणारी कोवळी फूट या औषधाच्या नुसत्या वाऱ्यानेही आकसते. कपाशीचे पान पंजासारखे चिरत जाते. तिथे गाजरगवताच्या पुंजक्यांवर मेट्रिब्युझिन ७० टक्के लिटरला ३ ग्रॅम असे फक्त ठिपक्यांनी मारता येते. गवताच्या जुन्या ठोंबांना ते फारसे करत नाही, पण बियाण्यातून नुकत्याच उगवलेल्या गवताला करते.

ज्या कुरणात स्टायलो किंवा दुसरे द्विदल मुद्दाम पेरले आहे, तिथे २,४-डी सरसकट मारले तर स्टायलोही जाते. असे कुरण हातानेच निंदावे लागते.

ढोरे, माणसे आणि भाजी

बहुतेक तणनाशकांच्या लेबलवर चराऊ कुरणाचा उल्लेखच नसतो, त्यामुळे चराई किती दिवस बंद ठेवायची तेही छापलेले नसते. म्हणून माप सढळ ठेवा: फवारलेल्या भागात किमान तीन आठवडे, आणि तण पूर्ण वाळून काळे पडेपर्यंत, यांतले जे उशिराचे असेल तोवर ढोरे नकोत. दुभत्या जनावरांबाबत तर सवलतच नको. यामागे फक्त औषधाचा अंश हे कारण नाही. एरवी ढोरे ज्या तणाला तोंड लावत नाहीत तेच तण फवारल्यावर सुकताना चवीला बदलते आणि खाल्ले जाते. काही तणांत त्या वेळी ढोरांना बाधणारे नायट्रेटही साठते. घाणेरी सुकताना खाल्लेल्या गायीला कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते; हे दुखणे तणनाशकाचे नाही, घाणेरीचे असते.

गायरान सगळ्या गावाचे असते, म्हणून तिथे ग्रामपंचायतीत ठराव केल्याशिवाय आणि दवंडी किंवा फलक लावल्याशिवाय पंप चालवू नका. जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी लागते. मेंढपाळांचे वाडे वाटेवर असतील तर त्यांना आधी निरोप द्या, ते तुमचा फलक वाचतीलच असे नाही. आणि एक गोष्ट कायम विसरली जाते: पहिल्या पावसानंतर टाकळा (म्हणजे वर सांगितलेला तरोटाच) आणि कुर्डू हे तण नसते, ती भाजी असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर बायका-पोरे ती गायरानातूनच खुडतात. त्या दिवसांत तिथे तणनाशक मारणे म्हणजे कोणाच्या तरी ताटात औषध वाढणे. भाजीचा हंगाम सरून झाडे कडक होऊ द्या, फूल येण्याआधी मग कापणी किंवा फवारा ठरवा.

सडे, म्हणजे कोकणातली जांभ्याची उघडी सपाटी, आणि कासच्या पठारासारखी पठारे यांना २,४-डी लावूच नका. पावसाळ्यात तिथे फुलणारी बहुतेक रोपे रुंद पानाचीच असतात.

तरोट्याचे बी टाकून गाजरगवत दाबा, असा सल्ला रस्त्याच्या कडेला आणि पडीक जागेला चांगला आहे. कुरणात तो घेऊ नका, ढोरे खात नाहीत असे एक तण घालवून दुसरे लावल्यासारखे होते. त्यापेक्षा गाजरगवताची पाने चाळणीसारखी झालेली दिसली तर वाकून बघा. पांढुरक्या पाठीवर तपकिरी उभ्या रेषा असलेला छोटा भुंगेरा दिसेल. हा १९८४ मध्ये मेक्सिकोहून आणून भारतात सोडलेला झायगोग्रामा आहे. तो पावसाळ्यात जोमाने खातो. ज्या पट्ट्यात तो भरपूर आहे तिथे फवारा मारून त्याचे अन्न काढून घेऊ नका; उलट काही भुंगेरे डबीत भरून, झाकणाला छिद्रे पाडून, त्याच दिवशी दुसऱ्या पट्ट्यात सोडा.

घाणेरी, रानमोडी, वेडी बाभूळ

झुडपांवर पानांवरून फवारा मारण्यात औषध फार जाते आणि फळ थोडे मिळते. घाणेरी नुसती कापली तर बुंध्यातून दुप्पट धुमारे येतात. खोड आणि मूळ जुळते तिथे, जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडा आणि अख्खे झुडूप उलटे, मुळे वर करून ठेवा, म्हणजे फांद्या मातीला टेकून रुजत नाहीत. भाद्रपद-आश्विनात, माती ओली पण फळे पिकलेली नसताना हे काम सोपे जाते. पक्षी बी टाकत राहतात, म्हणून पुढची दोन वर्षे पावसाळ्यात रोपे उपटावी लागतात.

रानमोडी तळकोकणात आणि गोव्यात थंडीत फुलते आणि बी वाऱ्यावर उडते. तिला ऑक्टोबरच्या आत मुळासकट काढा.

वेड्या बाभळीचे फुटवे मातीखालच्या मानेवरून येतात. म्हणून झाड फूटभर खोल खणून मुळासकट काढावे लागते, मोठ्या झाडांना जेसीबी परवडतो. खणणे शक्य नसेल आणि बुंध्यावर ग्लायफोसेट लावायचे ठरले, तर ते परवानाधारक कीड नियंत्रण चालकाकडूनच करून घ्या. ताज्या कापावर, काही मिनिटांच्या आत, सालीलगतच्या ओल्या कड्यावर ब्रशने लावायचे. मधला सुका गाभा भिजवून उपयोग नाही. उशीर झाला की काप बंद होतो आणि औषध आत जात नाही. शेंगा खाल्लेली शेळ्या-मेंढरे साफ केलेल्या कुरणात लगेच सोडू नका, लेंडीतून बी तिथेच पेरले जाते. आठवडाभर वाड्यात बांधून मग सोडा.

यूट्यूबवर परदेशी कुरणांसाठी पिक्लोरॅम, अमिनोपायरॅलिड या तणनाशकांची नावे ऐकू येतात. ती तशीच उचलू नका. अमिनोपायरॅलिड फवारलेल्या चाऱ्यावरच्या जनावराच्या शेणातून ते पुढे जाते आणि त्या शेणखतावर लावलेले टोमॅटो, घेवडा वेडेवाकडे होतात.

२,४-डीचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाची खूण करा. तो वेगळा ठेवणे जमत नसेल तर दोनदा पाण्याने विसळून, धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून रात्रभर ठेवा, नळी आणि नोझलमधूनही ते सोडा, सकाळी पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा. एवढे करूनही तो पंप कपाशीत किंवा भाजीपाल्यात नेऊ नका. धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा ढोरांच्या हौदाजवळ ओतू नका.

तण वाळले की मोकळ्या पडलेल्या जागांवर काठ्या रोवून खुणा करून ठेवा. पुढच्या जूनमध्ये तिथे मारवेल-८ या वाणाची मुळे असलेली ठोंबे लावता येतात, किंवा अंजनचे बी हेक्टरी ४ ते ५ किलो पेरता येते. अंजनचे बी हलके आणि कुसळदार असते, ओलसर मातीत कालवून फेका आणि काट्याची फांदी फिरवून जेमतेम सेंटिमीटरभर झाका. खोल गेले तर उगवत नाही. तो पट्टा पहिल्या वर्षी चराईला बंद, कापून घातला तर चालेल.