नाईट ड्युटी करणाऱ्यांनी पाळीची नोंद आणि हार्मोनच्या टेस्ट कशा करायच्या

हे मुख्यतः नर्स, कॉल सेंटर, आयटी सपोर्ट, पोलीस अशा रात्रपाळीवाल्या बायकांसाठी लिहितेय. पाळी मागेपुढे होते, डॉक्टरांकडे गेलं की टेस्टची यादी मिळते, पण ड्युटी कधी असते आणि झोपता कधी हे बऱ्याचदा कुणी विचारतच नाही. कुणी विचारलं नाही तरी ते आपणहून सांगायचं, कारण हार्मोन वेळ बघून चालतात.

हे कळलं कसं, ते आधी सांगते. १९५० मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जॉन एव्हरेट आणि चार्ल्स सॉयर यांनी उंदरांच्या माद्यांना, ज्या रात्री बीज सुटणार त्याच्या आदल्या दुपारी २ ते ४ या वेळात गुंगीचं औषध दिलं, तर बीज त्या रात्री सुटलंच नाही, आणि उशीर झाला तो दोन-चार तासांचा नाही, पूर्ण २४ तासांचा! म्हणजे एलएच (बीज सोडायला लावणारं हार्मोन) सोडायचा हुकूम मेंदू दिवसाच्या ठराविक वेळेलाच देतो, ती वेळ हुकली की थेट दुसऱ्या दिवशी. मला हा प्रयोग फार आवडतो, इतक्या साध्या गोष्टीतून केवढं कळलं बघा. पुढे सापडलं की डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात, जेमतेम २० हजार पेशींचा एक पुंजका हे घड्याळ चालवतो, डोळ्यातून येणाऱ्या उजेडावर ते रोज जुळवून घेतो आणि तिथूनच निरोप किसपेप्टिन हे निरोप्या रसायन बनवणाऱ्या पेशींकडे, मग मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडे आणि शेवटी अंडाशयाकडे जातो.

बायकांमध्ये हे उंदरांइतकं कडक नसतं, पण एलएचची उसळी बहुतेक वेळा मध्यरात्र ते सकाळ या काळातच सुरू होते. अमेरिकेतल्या ७० हजारांहून जास्त नर्सेसच्या माहितीवरून २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात, फिरती रात्रपाळी जितके जास्त महिने केली तितकी अनियमित पाळीची शक्यता जास्त दिसली. अर्थात रात्रपाळी केली की प्रत्येकीचं बिघडतंच असं नाही.

आता काय करायचं. डायरीत पाळीच्या तारखांबरोबर रोज झोपायची आणि उठायची वेळ आणि त्या दिवशीची शिफ्ट लिहा, निदान तीन महिने तरी. नुसत्या तारखा लिहिणारं ॲप यासाठी पुरत नाही. सकाळी उठल्याबरोबर ताप मोजून बीज सुटल्याचा अंदाज घेतात ना, तो रात्रपाळीत भरवशाचा नाही, कारण झोपेची वेळ बदलली की शरीराचं तापमानही बदलतं आणि बीज सुटल्यावरची वाढ अर्ध्या डिग्री सेल्सिअसच्या आतबाहेरच असते. त्यापेक्षा लघवीतलं एलएच बघणारी ओव्हुलेशन किट बरी. रोज साधारण एकाच वेळी करा, दोन तास आधीपासून पाणी ढसाढसा पिऊ नका, आणि पहिली लघवी घ्यायची की दुपारची ते त्या किटच्या कागदावर वाचा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

रक्ताच्या टेस्टमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो प्रोलॅक्टिनचा, म्हणजे दूध तयार करायला लावणाऱ्या हार्मोनचा. ते झोपेत वाढतं, मग ती झोप रात्रीची असो की दुपारची, आणि उठल्यावर हळूहळू खाली येतं. म्हणून ड्युटीवरून आल्यावर दोन तास डुलकी काढून लगेच लॅबमध्ये जाऊ नका. नीट झोप घ्या, उठल्यावर दोन-तीन तास जाऊ द्या, थोडं शांत बसा आणि मग रक्त द्या, मग ती संध्याकाळ असली तरी चालेल, फक्त लॅबच्या फॉर्मवर उठल्याची वेळ लिहायला सांगा. एफएसएच (अंडाशयात बीज वाढवणारं हार्मोन) आणि एलएच पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी करतात. प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन) मात्र डोळे झाकून २१व्या दिवशी करू नका, तो हिशोब २८ दिवसांच्या पाळीचा आहे, तुमची ३५ दिवसांनी येत असेल तर २८व्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या साधारण ७ दिवस आधी. आणि मूल हवं म्हणून तपासण्या चालू असतील तर नवऱ्याच्याही करा, त्याचं टेस्टोस्टेरॉन सकाळी ७ ते १० मध्ये उपाशीपोटी, तोही रात्रपाळीत असेल तर वेळ आधी डॉक्टरांना विचारा.

झोपेचं म्हणाल तर खोलीत खरोखर अंधार हवा, जाड पडदे लावा, फोन बाहेर ठेवा, घरच्यांना सांगा की दिवसा बेल वाजली तर ते दार उघडतील, तुम्हाला उठवायचं नाही. दिवसा झोपलेली बाई आळशी नसते हे आपल्या घरांत अजून समजावं लागतं, याचा मला खरंच राग येतो. रोस्टर मागता येत असेल तर सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम मागा, उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो. मेलाटोनिनच्या (झोपेच्या हार्मोनच्या) गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नका, विशेषतः मूल हवं असेल तर.

पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येतेय असं वारंवार होत असेल तर शिफ्टला दोष देऊन थांबू नका, थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा बिघाड) हेही बघावं लागतं. पाळी चुकली तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, आणि तीन महिने आलीच नाही तर डायरी घेऊन गायनॅकच्या डॉक्टरांकडे जा, पहिल्या दोन मिनिटांतच झोपेच्या वेळांचं पान उघडून समोर ठेवा.