रबरी होज घेताना, लावताना या चुका टाळा

“एक इंची काळा पाइप द्या, दोन मीटर.” भोसरीत होजच्या काउंटरवर निम्मी गिऱ्हाइकं एवढंच बोलतात. आतून काय जाणार, प्रेशर किती, तापमान किती, असं विचारलं की कपाळाला आठ्या. अहो, काळे सगळेच असतात, आतलं रबर वेगळं असतं! हायड्रॉलिक तेलाला नायट्राइल लागतं. गाडीच्या रेडिएटरचा पाइप बहुतेक वेळा ईपीडीएम नावाच्या दुसऱ्या रबराचा. त्याला गरम कूलंट चालतं, खनिज तेल अजिबात चालत नाही.

चाकणच्या एका शॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसच्या सक्शनला, म्हणजे पंप टाकीतून तेल ओढतो त्या बाजूला, कुणीतरी रेडिएटरचाच पाइप चढवला होता. माप बसलं, गळती नाही, सगळे खूश. पुढे पंप किंचाळायला लागला, प्रेसमध्ये जोर राहिना. पंप खोलला, सील किट टाकलं, शेवटी नवा पंप आणला. आवाज तोच! मी गेलो तेव्हा मशीन बंद होतं आणि पाइप धडधाकट दिसत होता. म्हटलं, चालू करा. चालू करताच पाइप मधोमध चपटा. कापून पाहिला तर आतलं रबर भिजलेल्या पोह्यांसारखं फुगलेलं, अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडायचा. पंपाला तेलच पुरत नव्हतं. तारेची स्प्रिंग असलेला नायट्राइलचा सक्शन होज लावला, म्हणजे कॅटलॉगमधला आर-फोर, आणि टाकी साफ करून घेतली, कारण रबराचे कण तेलात उतरले होते. तेव्हा पंप खोलायला घेण्याआधी, मशीन चालू असताना सक्शनचा पाइप बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत तेवढंच राहतं.

दुसरं दुखणं स्टीमचं. “गरम पाण्याचा पाइप आहे, चालेल की.” नाही चालणार. ७ बारची संपृक्त वाफ साधारण १७० अंशांची असते. बरं, खरा स्टीम होज घेणारेही काम झाल्यावर तो पाण्यासकट गुंडाळून कोपऱ्यात टाकतात. अस्तरात मुरलेल्या पाण्याची पुढच्या वेळी आतल्या आत वाफ होते आणि फोड येतात. होज रिकामा करून ठेवा. स्टीम होजला जुबिली क्लिप, म्हणजे स्क्रूनं आवळायची पातळ पट्टी, नको; बोल्टचे क्लॅम्प लावा. पहिल्यांदा तापून थंड झाले की पुन्हा आवळा.

हायड्रॉलिक होजवरची छापील रेघ पिळलेली दिसली तर होज सोडवून सरळ बसवा. अर्धा इंची टू-वायर (तारेच्या दोन जाळ्यांच्या) होजला बेंड रेडियस, म्हणजे वळणाची त्रिज्या, किमान १८० मिमी हवा. जागा नसेल तर एल्बो घ्या.

गॅस वेल्डिंगच्या ऑक्सिजन होजला तेलकट हात नको. ॲसिटिलीनचे आटे उलटे असतात ते मुद्दाम, ऑक्सिजनशी अदलाबदल होऊ नये म्हणून; पान्यानं जबरदस्ती करायला नाही.

आणि बारीक गळती हातानं चाचपणाऱ्यांना तर मी तिथेच ओरडतो. हात लांब ठेवून पुठ्ठा फिरवा, तेलाचा डाग कुठे पडतो ते दिसेल. प्रेशरचं तेल कातडीत घुसलं तर जखम टिंबाएवढी दिसते, दुखतही नाही फारसं. तरी त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठा आणि आत हायड्रॉलिक तेल गेलंय हे डॉक्टरांना सांगा. शिफ्ट संपल्यावर बघू म्हणालात तर बोट गमवायची पाळी येते.