संगणकावर संगीतरचना शिकू पाहणाऱ्यांसाठी

संगणकाच्या साहाय्याने संगीतरचना करणे आणि तेच विद्यापीठात शिकवणे, असे माझ्या कामाचे दुहेरी स्वरूप आहे. नवे विद्यार्थी पहिला प्रश्न बहुधा सॉफ्टवेअरचा विचारतात. प्युअर डेटा, सुपरकोलायडर आणि सीसाउंड ही तिन्ही मोफत मिळतात. त्यांतले कोणतेही एक घ्यावे आणि निदान वर्षभर बदलू नये, एवढेच माझे त्यावर उत्तर असते.

वेळ द्यायचा तो आवाजाच्या घडणीला. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये ध्वनिनिर्मितीचा प्रोग्राम लिहिला, तेव्हा आकड्यांतून हवा तो आवाज घडवता येईल हे तत्त्वतः दिसून आले. मात्र कानाला जिवंत वाटणारा आवाज नेमक्या कोणत्या आकड्यांतून निघतो, हा प्रश्न शिल्लक होता. फ्रेंच संगीतकार ज्याँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटच्या स्वराचे पृथक्करण करून दाखवले की स्वर जसा मोठा होतो तसे त्याचे वरचे हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटींतले घटकस्वर) अधिक ठळक होतात, आणि त्या वाद्याची ओळख यातच दडलेली आहे. अमेरिकी संगीतकार जॉन चाउनिंग यांनी एफएम पद्धतीत, म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवण्याच्या पद्धतीत, हेच तत्त्व वापरले.

हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करावा. २२० हर्ट्झचे दोन ऑसिलेटर (लहर निर्माण करणारे घटक) घेऊन एकाने दुसऱ्याची वारंवारता हलवावी आणि मॉड्युलेशन इंडेक्स (हलवण्याचे प्रमाण) आवाजाच्या चढउताराबरोबर शून्यापासून पाचपर्यंत न्यावा. पितळी वाद्याची छटा ऐकू येते. इंडेक्स स्थिर ठेवून केवळ आवाज वाढवला, तर तोच स्वर निर्जीव होतो. हलवणारा ऑसिलेटर १.४ पट वारंवारतेवर नेऊन इंडेक्स सावकाश उतरवला, की घंटेसारखा नाद येतो. (कच्च्या आवाजावर रिव्हर्बचे, म्हणजे कृत्रिम घुमण्याचे, पांघरूण घालण्याची सवय या टप्प्यावर मोडलेली बरी.)

वादकांसोबत प्रत्यक्ष मंचावर काम करताना बफरकडे, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी संगणक तो जिथे थोडा थोडा साठवतो त्या जागेकडे, लक्ष द्यावे लागते. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (मोजमापे) असताना ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंदांचा विलंब, आणि आवाज आत येताना व बाहेर जाताना मिळून तो साधारण दुप्पट होतो. लांब स्वर धरणाऱ्या गायकाला तो सहसा जाणवत नाही, तालवादकाला मात्र खटकतो. बफर १२८ वर आणल्यास विलंब घटतो, पण प्रोसेसरवर ताण येऊन आवाजात तडतड सुरू होऊ शकते. म्हणून तालमीच्या आधीच संपूर्ण रचना त्या सेटिंगवर चालवून पाहावी.

अध्यापनाच्या नोकरीसाठी अर्ज करताना ध्वनिमुद्रणाइतकेच महत्त्व नोंदींना द्यावे. प्रत्येक रचनेची स्वरलिपी आणि ध्वनिसंकेतांचा मार्ग दाखवणारी आकृती सोबत असावी, म्हणजे प्रोग्राम बंद पडल्यावरही ती रचना दुसऱ्या कोणाला नव्याने उभी करता येते.