गोव्याच्या नाताळाच्या जेवणासाठी वाइन कशी निवडावी

नाताळाच्या जेवणासाठी वाइन घ्यायला निघालेले बहुतेकजण आधी मांस कोणते शिजणार आहे ते विचारतात. मासळी किंवा कोंबडी असेल तर पांढरी वाइन, डुकराचे किंवा बैलाचे मांस असेल तर लाल, असा एक सोपा ठोकताळा सर्वत्र रुजलेला आहे. साध्या भाजलेल्या मांसाला तो बऱ्यापैकी लागू पडतो. गोव्याच्या ताटात मात्र जिभेला आधी जाणवतो तो मसाला, म्हणजे माडाच्या सुरेपासून (ताडीपासून) केलेल्या व्हिनेगरचा आंबटपणा, मिरचीचा झणका, भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा. मांसाची चव त्यामागून येते. म्हणून वाइनची जोडी रश्शाशी जुळवावी, असे माझे अनुभवाअंती ठाम मत झाले आहे.

तो अनुभव गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या एका घरी आला. नाताळाच्या दुपारी मी मोठ्या हौसेने ओकच्या पिंपात मुरवलेली, चांगली महागडी काबर्ने सोव्हिन्यों ही लाल वाइन नेली होती आणि ती सोरपोतेलाबरोबर, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट रश्शाबरोबर, वाढली गेली. पहिल्याच घोटाला ती कडवट लागली, दुसऱ्या घोटाला तोंडात तिखटाची आग पसरली आणि सोरपोतेलाचीही चव बिघडली. यजमानीणबाईंनी काही न बोलता शीतकपाटातून किंचित गोडसर, थंडगार अशा शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनची बाटली काढली आणि सगळ्यांचे पेले बदलले. तोच पदार्थ, तेच टेबल, पण आता एका घासानंतर दुसरा घास घ्यावासा वाटत होता.

असे का झाले, ते नीट समजून घेतले की निवडीचे निम्मे काम होते. लाल वाइनमधला तुरटपणा द्राक्षांच्या सालींतून, बियांतून आणि काही प्रमाणात पिंपाच्या लाकडातून येतो. तिखट पदार्थाबरोबर हा तुरटपणा अधिक रखरखीत वाटतो. वाइनमधले अल्कोहोल मिरचीची जळजळ वाढवते, त्यामुळे 14 टक्के अल्कोहोलची भरदार वाइन तिखट रश्शाबरोबर 12 टक्क्यांच्या हलक्या वाइनपेक्षा जास्त जाळते. याउलट थोडासा गोडवा ती जळजळ शमवतो. आंबटपणाचा नियम वेगळा आहे: पदार्थ वाइनपेक्षा जास्त आंबट असेल तर वाइन मिळमिळीत आणि बेचव लागते, म्हणून व्हिनेगरच्या पदार्थाला स्वतः आंबटसर असलेली वाइनच हवी. वाइनचा आंबटपणा आणि तिचे बुडबुडे जिभेवरचे तूपतेलही धुऊन काढतात. मिठामुळे वाइनचा तुरटपणा मवाळ लागतो.

आता प्रत्यक्ष कामाला लागावे. आधी जेवणातले सगळे पदार्थ वाढण्याच्या क्रमाने कागदावर लिहून काढावेत आणि प्रत्येकापुढे आंबट, तिखट, गोड, तेलकट, खोबऱ्याचा यांपैकी कोणते गुण ठळक आहेत ते नोंदवावे. मांसाचे नाव लिहिले नाही तरी चालेल. या नोंदीत बहुधा असे दिसते की आठ-दहा पदार्थ असले तरी त्यांचे गट तीन किंवा चारच पडतात, आणि तेवढ्याच प्रकारच्या वाइन पुरतात.

सुरुवातीला येणारे बटाटा चॉप, कोळंबीचे रिसॉइस (करंजीसारखा तळलेला पदार्थ) आणि चोरिस (गोव्याचे मसालेदार सॉसेज) भरलेले पाव हे तळलेले, खारट आणि स्निग्ध असतात. त्यांच्यासाठी ब्रूट प्रकारची स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाइन घ्यावी. नाशिक जिल्ह्यात चांगली स्पार्कलिंग वाइन तयार होते. तिथल्या सुला या वाइनरीची ब्रूट मिळते. लेबलवरच्या शब्दांनी इथे फसगत होऊ शकते. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, तर ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव कोरडे, म्हणजे बिनगोड, वाटत असले तरी त्यात 12 ते 17 ग्रॅम, म्हणजे ब्रूटपेक्षा जास्त साखर असते. ‘डेमी सेक’ तर उघडच गोड असते.

सोरपोतेल आणि विंदालू यांच्यासाठी सर्वांत जास्त विचार करावा, कारण जेवणाचा जीव त्यांच्यात असतो आणि वाइनची परीक्षाही तेच घेतात. विंदालू हे नावच ‘वाइन आणि लसूण’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आलेले आहे. मूळ पोर्तुगीज पदार्थात मांस वाइन आणि लसणात मुरवत असत. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि त्यात मिरची व मसाले आले. या पदार्थांत आंबट, तिखट आणि चरबी हे तिन्ही एकाच वेळी जोरात असतात. त्यामुळे इथे किंचित गोडसर पण आंबटपणा राखून असलेली शेनिन ब्लां किंवा रीसलिंग घ्यावी. शेनिन ब्लां हे नाशिकच्या मळ्यांत चांगले रुळलेले द्राक्ष आहे आणि आपल्याकडच्या पुष्कळ शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम राखलेली असते. एरवी काहींना तो दोष वाटतो, पण सोरपोतेलापुढे तोच गुण ठरतो. ज्यांना पांढरी वाइन सणाच्या टेबलावर फिकी वाटते त्यांच्यासाठी झिनफँडेल द्राक्षाची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, हा उत्तम पर्याय आहे. तिचा रंगही रश्शाशेजारी शोभून दिसतो.

रेशाद मसाला भरून तळलेल्या बांगड्यालाही हीच शेनिन चालते, कारण त्या मसाल्यातही मिरची आणि व्हिनेगरच असतात. काफ्रेयालाची गोष्ट वेगळी. हिरवी कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू यांच्या वाटणात मुरवलेल्या या कोंबडीला सोव्हिन्यों ब्लां शोभते, कारण तिला स्वतःलाच हिरव्या पाल्याचा आणि लिंबासारखा वास असतो. नारळाच्या दुधातल्या सौम्य कालदीनाबरोबर कोणतीही साधी, पिंपात न मुरवलेली पांढरी वाइन खपून जाते.

म्हणजे लाल वाइनला जागाच नाही का? आहे, आणि ती मानाची आहे. शागुती या मांसाच्या रश्शात व्हिनेगर नसते. भाजलेले खोबरे, खसखस, मिरी, लवंग, दालचिनी यांचा खोल, खमंग स्वाद असतो. शिराझ द्राक्षाच्या वाइनला मुळातच मिऱ्यासारखा वास असल्यामुळे ती शागुतीशी सुरेख जुळते, मात्र ओकचा भार कमी असलेली शिराझ शोधावी. भाजलेली कोंबडी किंवा बैलाच्या जिभेचे रोस्ट असेल, तर सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज परिसरात होणारी सांजोवेझे किंवा एखादी मेर्लो घ्यावी. मी नेली होती तसली महागडी काबर्ने असेलच, तर तीही रोस्टसाठीच राखून ठेवावी.

गोडाच्या वेळी एकच नियम कटाक्षाने पाळावा: वाइन पदार्थापेक्षा जास्त गोड असली पाहिजे, नाहीतर ती आंबट लागते. बेबिंका नारळाचे दूध, अंड्यांचे बलक, साखर आणि तूप यांची, थरावर थर भाजून केलेली असते. तिच्याबरोबर ब्रूट उघडली तर दोन्हींचा विरस होतो. वेलीवर जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची ‘लेट हार्वेस्ट’ शेनिन ब्लां बेबिंकेला जुळते. दोदोल आणि सुक्या मेव्याचा केक यांच्यासाठी पोर्ट घ्यावी. खरी पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, द्राक्षाची ब्रँडी मिसळून साधारण 20 टक्के अल्कोहोलपर्यंत नेलेली वाइन. गोव्यात पोर्ट म्हणून विकली जाणारी गोड लाल वाइन तिच्याहून साधी असते, पण काळ्या गुळाच्या दोदोलाबरोबर ती गोडी लावते आणि अनेक घरांत नाताळाची आठवण तिच्याशीच बांधलेली असते.

किती बाटल्या घ्याव्यात याचा हिशेब सरळ आहे. 750 मिलिलिटरच्या बाटलीतून 125 मिलिलिटरचे सहा पेले भरतात. आठ माणसांना निवांत चाललेल्या जेवणात प्रत्येकी तीन पेले धरले तर चोवीस पेले, म्हणजे चार बाटल्या होतात. एक ब्रूट, दोन शेनिन किंवा रोझे आणि एक लाल अशी वाटणी करावी. गोडासाठी 375 मिलिलिटरची अर्धी बाटली पुरते, कारण ती वाइन घोटभरच घ्यायची असते. न पिणाऱ्यांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी कोकमाचे सरबत तेवढ्याच अगत्याने, चांगल्या पेल्यात द्यावे.

खरेदी करताना बाटली उन्हात किंवा तापलेल्या दिव्याखाली ठेवलेली नाही ना, ते पाहावे. महाराष्ट्रात द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते, त्यामुळे लेबलवर चालू वर्ष असलेली पांढरी वाइन नाताळापर्यंत पिण्याजोगी तयार असते. पांढऱ्या वाइनच्या बाबतीत शक्यतो चालू किंवा मागच्याच वर्षाची बाटली निवडावी, कारण हलकी पांढरी वाइन दुकानाच्या फळीवर राहून सुधारत नाही.

यानंतर जी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते ती तापमानाची. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, या सल्ल्यातली खोली युरोपातली आहे. गोव्यात डिसेंबरच्या दुपारीही पारा तिशीच्या पुढे जातो आणि त्या उष्णतेत लाल वाइनमधले अल्कोहोल नाकात चढते. म्हणून लाल बाटली वाढण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास शीतकपाटात ठेवून 16 ते 18 अंशांवर आणावी. पांढरी आणि रोझे 8 ते 10 अंशांवर, स्पार्कलिंग त्याहूनही थोडी थंड असावी. त्यासाठी तीन तासांचे शीतकपाट लागते. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवावी. नुसत्या बर्फात फटी राहतात. पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते, आणि वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. स्पार्कलिंग उघडताना बूच एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली फिरवावी आणि तिचे तोंड कोणाच्याही दिशेने ठेवू नये.

निवडीची खात्री करायची असेल तर सणाआधी एक तालीम जरूर करावी. सोरपोतेल तसेही दोन-तीन दिवस आधीच शिजवून ठेवतात, कारण मुरल्यावर ते अधिक चवदार होते. ते गरम करून चमचाभर सान्नांबरोबर (तांदळाच्या इडलीसारख्या पदार्थाबरोबर) खावे, लगेच वाइनचा एक घोट घ्यावा आणि मग पुन्हा सोरपोतेल खावे. या दुसऱ्या घासाकडे नीट लक्ष द्यावे: मसाल्याचे स्वाद वेगवेगळे ओळखू येत असतील तर जोडी जमली, आणि नुसते तिखट किंवा कडू लागत असेल तर ती बाटली रोस्टसाठी ठेवावी. तालमीत उघडलेली शेनिन बूच घट्ट लावून शीतकपाटात ठेवली तर तीन दिवस चांगली राहते, म्हणजे नाताळाच्या टेबलावरही ती येऊ शकते. स्पार्कलिंगचे बुडबुडे मात्र रात्रभरात उतरतात, म्हणून ती त्याच दिवशी, पाहुणे आल्यावरच उघडावी.