भाडेकरूकडून घर रिकामं करून घेताय? या चुका टाळा

माझ्या मावशीचा कोथरूडला वन बीएचके आहे. बंगळूरच्या मामेभावाने तिला त्याचा करार व्हॉट्सॲपवर पाठवला: ११ महिने, स्टँप पेपर, नोटरीचा शिक्का. मावशीने नावं, पत्ता आणि भाडं तेवढं बदललं. मुदत संपली, पण भाडेकरू हलायचं नाव घेईना. "आपलं तोंडी तीन वर्षांचं ठरलं होतं ना काकू?" म्हणाला.

११ महिन्यांचा करार, मग नोंदणी कशाला?

हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर ११ महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं असेल तर ते मालकाने सिद्ध करायचं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'तीन वर्षांचं ठरलं होतं' हे वाक्य उगाच आलं नव्हतं.

लिव्ह अँड लायसन्स आणि भाडेकरार एकच समजणं

बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, पण कागदावर फरक मोठा: लिव्ह अँड लायसन्स म्हणजे मुदतीपुरती राहण्याची नुसती परवानगी, भाडेकरार म्हणजे घरावर भाडेकरूचा हक्क. राहण्यासाठी दिलेल्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदलेला असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर निकाल मालकाच्या बाजूने लागतो. मुदतीनंतरच्या मुक्कामाची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट.

पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम देऊन राहणाऱ्या) किंवा जुन्या भाडेकरूला हा रस्ता लागू नाही. तिथे कलम १६ मधलं एखादं कारण दाखवून कोर्टात जावं लागतं: स्वतःला खरोखर गरज, पोटभाडेकरू ठेवला, सहा महिने घर वापराविना पडून, वगैरे. भाडं थकलं असेल तर लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबायचं. त्याआधी दावा लावला तर टिकत नाही. दावा लावल्यावरही समन्सनंतरच्या ९० दिवसांत त्याने १५ टक्के व्याजासह थकबाकी भरली आणि पुढचं भाडं वेळेवर देत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर मिळत नाही. घाई करणाऱ्या मालकाला हे फार झोंबतं.

पुण्याचा अनुभव बंगळूरला लावणं

उलट दिशेनेही लोक फसतात. तिकडे कलम २४ शोधत बसू नका. कर्नाटकचा भाडे कायदा बंगळूरमध्ये महिना ३,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या घरांना लागूच नाही. आज त्या भाड्यात तिथे पार्किंगसुद्धा मिळेल की नाही, शंकाच आहे. त्यामुळे बहुतेक घरं मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली येतात: करारात वेगळं ठरलं नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस, मग दिवाणी दावा. दिल्लीतही ३,५०० हीच रेषा आहे.

गोव्यात १९६८ चा स्वतंत्र कायदा. तो लागू असलेल्या घरासाठी अर्ज भाडे नियंत्रकाकडे जातो. थकबाकीचं कारण द्यायचं तर तीन महिन्यांचं भाडं थकलेलं हवं आणि रजिस्टर्ड नोटिशीनंतर ३० दिवसांत ते भरलेलं नसावं. भाटातल्या, म्हणजे दुसऱ्याच्या बागायतीतल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस मुंडकार (जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) असेल, तर १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा लागतो, आणि तो राहतं घर विकतही मागू शकतो. मुंबईहून गोव्यात जुनं घर घ्यायला निघालेल्यांनी हे आधी पाहावं.

'नवा केंद्रीय कायदा आलाय'

२०२१ चा आदर्श भाडे कायदा हा केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो तुमच्या घराला लागत नाही. फॉरवर्ड आलं तरी.

पाणी तोडणं, कुलूप बदलणं

इथे मात्र राज्याने फरक पडत नाही. कायद्याची वाट सोडून कुणाला ताब्यातून बाहेर काढलं, तर तो विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो. महाराष्ट्रात भाडेकरूचं पाणी-वीज तोडण्यावर कलम २९ ची वेगळी बंदी आहे. मावशी प्लंबरला बोलावणारच होती. मी फोन काढून घेतला.

शेवटी थोडं डिपॉझिट, थोडी मनधरणी करून तो माणूस गेला. पुढच्या वेळी करार नोंदवायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला, पंधरा मिनिटांत सह्या-ठसे झाले. बंगळूरचा भाऊ अजून तोच नोटरीवाला करार वापरतो. त्याचं तिथे चालतं.