एमव्हीपीचा वाद कसा घालावा: आधी मोजपट्टी, मग खेळाडू

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा नियमित हंगाम एप्रिलच्या मध्यावर संपत आला की बास्केटबॉल पाहणाऱ्यांच्या गप्पांत एकच प्रश्न उरतो: यंदाचा सर्वात मौल्यवान खेळाडू, म्हणजे एमव्हीपी, कोण? अमेरिकेत रात्री होणारे हे सामने भारतात पहाटे पाच-सहापासून सुरू होतात, त्यामुळे आपल्याकडे हा वाद बहुधा सकाळच्या चहाबरोबर पेटतो आणि कामाला निघण्याच्या घाईत अर्धवट सुटतो. तो अर्धवट सुटण्याचे खरे कारण मात्र घाई नसते. दोघेही मोठ्या हिरिरीने बोलत असतात, पण एक जण एका प्रश्नाचे उत्तर देत असतो आणि दुसरा दुसऱ्याच प्रश्नाचे. हा वाद नीट कसा घालावा, हे येथे २०२४-२५ च्या हंगामाच्या आधारे मांडले आहे. त्या वर्षी ओक्लाहोमा सिटी थंडरचा शे गिल्जस-अलेक्झांडर आणि डेन्व्हर नगेट्सचा निकोला योकिच यांच्यातली निवड भल्याभल्यांना अवघड गेली होती.

पहिली पायरी: पुरस्काराचे नियम समोर ठेवा

निम्मे वाद नियम माहीत नसल्यामुळे होतात. हा पुरस्कार फक्त ८२ सामन्यांच्या नियमित हंगामासाठी असतो. मतदान प्लेऑफ (नियमित हंगामानंतरची बाद फेरी) सुरू होण्यापूर्वीच पूर्ण होते, निकाल मात्र बऱ्याच दिवसांनी जाहीर होतो. त्यामुळे ‘प्लेऑफमध्ये तो कुठे गेला?’ हा प्रश्न या वादात गैरलागू ठरतो. सध्या क्रीडा पत्रकार आणि समालोचक मिळून १०० जण मत देतात. प्रत्येकाने पाच नावे क्रमाने लिहायची असतात आणि त्या क्रमांकांना अनुक्रमे १०, ७, ५, ३ आणि १ गुण मिळतात.

हे गणित एकदा हाताने करून पाहावे, म्हणजे पद्धत पक्की लक्षात राहते. २०२४-२५ मध्ये गिल्जस-अलेक्झांडरला पहिल्या क्रमांकाची ७१ आणि दुसऱ्या क्रमांकाची २९ मते मिळाली. ७१ गुणिले १० म्हणजे ७१०, २९ गुणिले ७ म्हणजे २०३, एकूण ९१३ गुण. योकिचचे आकडे नेमके उलटे होते: २९ पहिली आणि ७१ दुसरी मते, म्हणून २९० अधिक ४९७, एकूण ७८७. याचा अर्थ शंभरांपैकी एकाही मतदाराने या दोघांखेरीज तिसऱ्या कुणाला पहिल्या दोन क्रमांकांत ठेवले नव्हते. वाद किती जणांमध्ये आहे, हे सुरुवातीलाच ठरवले पाहिजे ते यासाठी. जिथे खरी स्पर्धा दोघांची आहे, तिथे सहा-सात नावे घेत बसल्याने चर्चा केवळ लांबते.

२०२३-२४ पासून आणखी एक अट लागू आहे: खेळाडूने किमान ६५ सामने खेळलेले असावेत. त्या हंगामात फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड दर सामन्यात सरासरी ३४.७ गुण करत होता, पण दुखापतीमुळे तो ३९ सामन्यांवर थांबला आणि त्याचे नाव आपोआप बाद झाले. हीच अट १९७७-७८ मध्ये असती, तर ५८ सामने खेळून हा मान मिळवणारा बिल वॉल्टन पात्रच ठरला नसता. म्हणून जुन्या हंगामांशी तुलना करताना त्या वेळचा नियम काय होता, हे आधी पाहावे.

दुसरी पायरी: ‘मौल्यवान’ म्हणजे काय, हे खेळाडूचे नाव घेण्यापूर्वी ठरवा

माझ्या मते साऱ्या वादातली ही सर्वात महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. ‘मौल्यवान’ या शब्दाची व्याख्या लीग मतदारांना देत नाही. त्यामुळे त्याचे निदान तीन अर्थ प्रचारात आहेत. एक, त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. दोन, सर्वोत्तम संघातला सर्वोत्तम खेळाडू. तीन, ज्याला काढून घेतले तर संघ सर्वाधिक कोसळेल असा खेळाडू. हे तिन्ही अर्थ सयुक्तिक आहेत आणि एकाच वर्षी तिघांची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात.

याचे सर्वात ठळक उदाहरण १९६१-६२ च्या हंगामाचे आहे. त्या वर्षी फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड (हुकलेल्या फेकेनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळवले. सामना ४८ मिनिटांचा असूनही त्याची मैदानावरची सरासरी ४८.५ मिनिटे भरली, कारण तो जवळजवळ कधी बाहेर बसलाच नाही आणि जादा वेळेतही खेळत राहिला. त्याच वर्षी सिनसिनाटी रॉयल्सच्या ऑस्कर रॉबर्टसनने संपूर्ण हंगामाची सरासरी ट्रिपल-डबलची ठेवली, म्हणजे गुण, रिबाउंड आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) या तिन्हींत दहाच्या वर. असे दोन हंगाम एकाच वर्षी घडूनही एमव्हीपी ठरला तो बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल, सरासरी १८.९ गुणांचा. सेल्टिक्सने ८० पैकी ६० सामने जिंकले होते.

या निवडीकडे अन्याय म्हणून बोट दाखवण्यापूर्वी मत कोणाचे होते, हे पाहावे. तेव्हा एमव्हीपीसाठी स्वतः खेळाडूच मत देत असत. पत्रकारांचे मतदान १९८०-८१ पासून सुरू झाले. उलट त्याच १९६१-६२ मध्ये वर्षाचा सर्वोत्तम पाच जणांचा संघ पत्रकारांनी निवडला, तेव्हा सेंटरच्या (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) जागेवर त्यांनी चेंबरलेनला पहिल्या संघात घेतले आणि रसेलला दुसऱ्या संघात. मला हा तपशील फार बोलका वाटतो. बास्केटखाली रसेलसमोर चेंडू टाकण्याचा प्रयत्न ज्यांना करावा लागत होता, त्यांना त्याची किंमत कळत होती. त्याने अडवलेले फटके मात्र कोणत्याही तक्त्यात नोंदले जात नव्हते, कारण लीगने ब्लॉक (अडवलेली फेक) आणि स्टीलची (हिसकावलेला चेंडू) अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू केली.

तेव्हा वादाला बसताना दोघांनीही आपला अर्थ एका वाक्यात लिहून ठेवावा. अर्थ वेगवेगळे निघाले, तर आधी त्या अर्थांवर बोलावे, कारण खेळाडूंवर बोलण्याची वेळ तोवर आलेलीच नसते.

तिसरी पायरी: आकडे वाचा, पण त्यांच्या पोटात शिरून

सरासरी गुणांपासून सुरुवात करायला हरकत नाही. २०२४-२५ मध्ये गिल्जस-अलेक्झांडरचे ३२.७ गुण लीगमध्ये सर्वाधिक होते. योकिचचे २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट होते. गुणांत तो लीगमध्ये तिसरा, रिबाउंडमध्ये तिसरा आणि असिस्टमध्ये दुसरा होता, आणि हे सारे एका सेंटरने केले होते. पण ३२ गुण मिळवायला किती फेका खर्ची पडल्या, हे सरासरी सांगत नाही. त्यासाठी ‘ट्रू शूटिंग’ ही टक्केवारी वापरतात. ती घरीही काढता येते: फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकांच्या) संख्येला ०.४४ ने गुणावे, त्यात मैदानी फेकांची (खेळ चालू असताना टाकलेल्या फेकांची) संख्या मिळवावी, बेरजेची दुप्पट करावी आणि तिने गुणांना भागावे.

गिल्जस-अलेक्झांडर दर सामन्यात सुमारे २१.८ मैदानी फेका आणि ८.८ फ्री थ्रो घेत होता. ८.८ गुणिले ०.४४ म्हणजे ३.९, त्यात २१.८ मिळवले की २५.७, दुप्पट केली की ५१.४, आणि ३२.७ ला ५१.४ ने भागले की जवळपास ६४ टक्के. योकिचच्या १९.५ फेका आणि ६.४ फ्री थ्रोवर हेच गणित केले की ६६ टक्के येतात. म्हणजे गुण गिल्जस-अलेक्झांडरचे अधिक, तर प्रत्येक संधीचे चीज करण्यात योकिच थोडा सरस. एवढे मांडून झाले की चर्चेचा सूर लगेच बदलतो, असा माझा अनुभव आहे.

फ्री थ्रोंवरून गिल्जस-अलेक्झांडरवर बरीच टीका झाली. तो स्पर्श शोधून फाउल मिळवतो, असा आक्षेप होता. आक्षेप घेण्यास हरकत नाही. मात्र तो घेणाऱ्याने जेम्स हार्डन आणि एम्बीड यांच्या एमव्हीपी हंगामांनाही तोच निकष लावला पाहिजे. बचावपटूला चकवून त्याला उशिरा हात घालायला भाग पाडणे हे कौशल्य आहे, असे मी मानतो.

‘मैदानावर असताना आणि नसताना’ संघाच्या गुणांत पडणारा फरक हा दुसरा लाडका आकडा. योकिच बाकावर बसला की डेन्व्हरची आघाडी वितळते, हे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. परंतु या आकड्यात त्याच्या जागी येणाऱ्या खेळाडूंची दुर्बलताही मिसळलेली असते. थंडरची राखीव फळी भक्कम होती, म्हणून गिल्जस-अलेक्झांडर बाहेर गेल्यावर संघ फारसा खचत नसे. चांगले सहकारी मिळाल्याची शिक्षा खेळाडूला व्हावी का, याचे उत्तर या आकड्याचा आधार घेणाऱ्याने दिले पाहिजे.

आणि काही सामने डोळ्यांनी पाहिलेच पाहिजेत. निदान प्रत्येक दावेदाराचे दोन-तीन चौथे क्वार्टर पाहावेत आणि तेही चेंडूवरची नजर काढून. योकिच बास्केटपासून लांब उभा राहून पास देण्यापूर्वी सहकारी आधीच बास्केटकडे धावत निघालेले असतात, कारण चेंडू येणार याची त्यांना खात्री असते. गिल्जस-अलेक्झांडर वेगात आत शिरतो आणि अचानक थबकतो, त्याचा पहारेकरी मात्र त्याच वेगाने पुढे निघून जातो. बचावात तो पासच्या वाटेत हात घालतो, ते पाहिल्याशिवाय त्याच्या सरासरी १.७ स्टीलचे मोल कळत नाही.

चौथी पायरी: संघाचे विजय आणि हंगामाची कहाणी वेगळी करा

विजयांना वजन द्यावेच लागते, पण किती, हे आधी सांगावे. २०१६-१७ हे त्याचे कसोटीचे वर्ष. केविन ड्युरांट संघ सोडून गेल्यानंतर ओक्लाहोमा सिटीचा भार एकट्या रसेल वेस्टब्रुकवर आला आणि त्याने ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट अशी सरासरी राखून ४२ ट्रिपल-डबल केले. रॉबर्टसनचा ४१ चा विक्रम त्याने डेन्व्हरमध्ये मोडला, त्या सामन्यात ५० गुण केले आणि शेवटच्या क्षणी दुरून टाकलेल्या फेकेने सामनाही जिंकून दिला. अशी कहाणी समोर असताना मतदार भारावले नसते तरच नवल. पण ओक्लाहोमा सिटीचे विजय ४७ होते, तर हार्डनच्या ह्युस्टनचे ५५. वेस्टब्रुकला पहिल्या क्रमांकाची ६९ मते मिळाली, हार्डनला २२.

कहाणीचा दुसरा प्रकार म्हणजे ‘याला आधीच मिळाला आहे, आता दुसऱ्याला द्या’. १९९६-९७ मध्ये शिकागो बुल्सने ६९ सामने जिंकले होते आणि मायकेल जॉर्डन सर्वाधिक गुण करणारा होता, तरीही पुरस्कार ६४ विजय मिळवलेल्या युटाच्या कार्ल मलोनला गेला. मलोनचा हंगाम उत्तमच होता. परंतु जॉर्डनच्या नावावर तोवर चार एमव्हीपी जमा नसते, तर निकाल हाच लागला असता, असे मला वाटत नाही. प्रत्येक हंगाम कोऱ्या पाटीवर मांडावा. योकिचचे आधीचे तीन पुरस्कार २०२५ च्या चर्चेत त्याच्या बाजूनेही येऊ नयेत आणि विरोधातही.

पाचवी पायरी: आपली मोजपट्टी जुन्या वर्षांवर लावून पाहा

ही पायरी मी एका मित्राकडून शिकलो. २०१७ मध्ये मी हार्डनच्या बाजूने तावातावाने भांडलो होतो आणि माझा मुख्य मुद्दा ह्युस्टनचे आठ अधिक विजय हा होता. २०२५ मध्ये मी तितक्याच ठामपणे योकिचची बाजू मांडत होतो, तेव्हा मित्राने शांतपणे दोनच आकडे कागदावर लिहिले: थंडर ६८, नगेट्स ५०. आठ विजयांचा फरक मला एकदा निर्णायक वाटला होता आणि आता अठरा विजयांचा फरक मी बाजूला सारत होतो. माझ्याकडे उत्तर नव्हते. योकिचचा खेळ मला अतिशय आवडतो, आणि मोजपट्टी मी त्या आवडीच्या मापाने कापून घेतली होती.

म्हणून आपल्या व्याख्येचे वाक्य किमान तीन जुन्या हंगामांवर तपासावे. २००४-०५ हे त्यासाठी चांगले वर्ष आहे: स्टीव्ह नॅश आला आणि फिनिक्स सन्स २९ विजयांवरून ६२ वर गेले. सरासरी १५.५ गुण आणि ११.५ असिस्ट असलेल्या नॅशने मतदानात १,०६६ गुणांनी शकील ओनीलच्या १,०३२ गुणांवर निसटती मात केली. आपले वाक्य तिथे कोणाला निवडते? ते उत्तर आपल्याला मान्य आहे का? मान्य नसेल, तर वाक्य बदलावे, आणि बदलले हे समोरच्याला सांगावे.

सहावी पायरी: समोरच्याची बाजू आधी मांडा आणि मग पाचही नावे लिहा

आपला खेळाडू मांडण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याचा दावा त्याच्या चाहत्याला पटेल इतक्या ताकदीने मांडावा. मी तसे करून पाहिले. थंडरने हंगामभर प्रतिस्पर्ध्यांना सरासरी १२.९ गुणांनी मागे टाकले, हा एनबीएच्या इतिहासातला विक्रम आहे. त्या संघाचे आक्रमण गिल्जस-अलेक्झांडरभोवती फिरत होते, तो ७६ सामने खेळला आणि बचावातही त्याने कुठे कसूर केली नाही. हे सलग लिहून काढल्यावर योकिचसाठी माझ्याकडे उरलेला सर्वात भक्कम युक्तिवाद एकच होता: त्याच्याशिवाय डेन्व्हरचे काय झाले असते. तो युक्तिवाद खरा आहे. पण माझ्या वाक्यात विजयांना स्थान होते आणि २०१७ मध्ये मी ते वापरलेही होते.

शेवटी मतदारांप्रमाणे पाचही नावे तारखेसह कागदावर लिहावीत आणि ती प्लेऑफचा पहिला सामना सुरू होण्यापूर्वी. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जागेसाठी विचार करताना आपण पहिल्या जागेसाठी कोणते निकष वापरले, हे आपोआप उघड होते. त्या वर्षीचा निकाल केव्हाच लागून गेला होता, तरी मित्रासमोर बसून मी कागद नव्याने लिहिला. पहिले नाव गिल्जस-अलेक्झांडर, दुसरे योकिच, तिसरे यानिस आंतेतोकुम्पो. चौथ्या जागेवरून आमचा नवा वाद सुरू झाला.