अरुंद बहुमजली घर आखताना आधी जिना ठरवा

दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, रुंदी जेमतेम साडेचार मीटर, आणि घर वर चढत जाणारं. अशा घराचा नकाशा बहुतेक जण खोल्यांपासून सुरू करतात. सुरुवात जिन्यापासून करा.

हिशोब साधा आहे. मजल्याची उंची ३ मीटर धरली, तर सुमारे १७५ मिलिमीटरच्या १७ पायऱ्या चढाव्या लागतात. पाऊल ठेवायला २५० मिलिमीटर धरले, तर सरळ जिना सुमारे ४ मीटर लांबी खातो, तीही प्रत्येक मजल्यावर. त्याच्या बाजूने बोळ आला की खोल्या आणखी बारीक. त्यापेक्षा अर्ध्यावर सपाट टप्पा असलेला, तिथून वळणारा जिना घराच्या मध्यभागी आडवा बसवा: एक खोली पुढे, एक मागे, बोळ जवळजवळ नाहीच.

मधोमध अंधार होतो, म्हणून जिन्यावर छतात काच हवी आणि उघडणारी झडपही. गरम हवा तिथून वर निघून जाते. मात्र आग लागली तर धूरही याच वाटेने चढतो. उघडा जिना ठेवण्याआधी स्थानिक अग्निसुरक्षा नियम पाहाच.

न्हाणीघरं एकावर एक घ्या, पाइप सरळ उतरतात.

आणि कपाट वर कसं जाणार? वळणावर ते अडतंच. वरच्या मजल्यावर एखादी मोठी, पूर्ण उघडणारी खिडकी ठेवा, म्हणजे जड सामान दोराने बाहेरून चढवता येतं.